कोणता शेअर विकू?

संपाची बातमी आली की माझ्या जुन्या ग्राहकांचा एकच प्रश्न असतो: कोणता शेअर विकू? बंदरातला संप असो, ट्रकवाल्यांचा असो की बँकांचा, प्रश्न तोच. मद्रास स्टॉक एक्स्चेंज सेकंड लाइन बीचवर होतं तेव्हा तिथल्या एका ब्रोकरकडे मी कारकून होतो. मिरजेहून इथं चेन्नईला आलो. मामा पेरांबूरच्या रेल्वे कोच फॅक्टरीत होते म्हणून राहायची सोय झाली. सही जुळत नाही म्हणून परत आलेली शेअर सर्टिफिकेटं पुन्हा पाठवण्यात उमेदीची वर्षं गेली. २०१५ मध्ये सेबीनं त्या एक्स्चेंजला दुकान बंद करायची परवानगी दिली, पण ग्राहकांचे फोन काही बंद झाले नाहीत.

मे २०२४ मध्ये एअर इंडिया एक्स्प्रेसच्या केबिन क्रूनं एकाच वेळी आजारपणाच्या रजा टाकल्या तेव्हाही फोन आले. मैलापूरच्या एका निवृत्त प्राध्यापकांनी बातमी पुरती न ऐकताच विचारलं. मी म्हटलं, "सार, विकायला आधी शेअर तर हवा. ही कंपनी बाजारात नाहीच." त्यावर ते म्हणाले, "मग नुकसान कुणाचं होतंय?" आमच्या धंद्यात हा प्रश्न इतका सरळ कुणी विचारत नाही.

आधी काय झालं ते सांगतो. ७ मेच्या संध्याकाळपासून शंभराहून जास्त केबिन क्रूनी ड्यूटीच्या तोंडावर 'आजारी आहोत' असं कळवलं. दोन-तीन दिवसांत १७० हून अधिक उड्डाणं रद्द झाली. सगळ्यात जास्त मार केरळला बसला, कारण ही कंपनी मुख्यतः आखाती देशांत जाणाऱ्या कामगारांची. कोची, कोळिकोड, कण्णूर, तिरुवनंतपुरम इथं व्हिसाची मुदत संपत आलेली माणसं बॅगांवर बसून होती. कंपनीनं पंचवीसेक जणांना कामावरून काढलं. ९ मेला दिल्लीत केंद्रीय मुख्य कामगार आयुक्तांसमोर बैठक झाली. काढलेल्यांना परत घ्यायचं, बाकीच्यांनी ताबडतोब कामावर यायचं, असं ठरलं आणि प्रकरण मिटलं.

तक्रार जुनीच होती. टाटांनी एअर इंडिया घेतल्यावर एअर इंडिया एक्स्प्रेसमध्ये पूर्वीची एअरएशिया इंडिया मिसळायचं काम चालू होतं. दोन कंपन्या एक होताना पगाराचे तक्ते, भत्ते, हुद्दे, मुक्कामाच्या हॉटेलात खोली एकटीला की दोघींत, हे सगळं नव्यानं मांडलं जातं. त्यात आपल्याला खालच्या पायरीवर बसवलं, असं जुन्या लोकांच्या संघटनेचं म्हणणं होतं.

पण मग संप का नाही, आजारपण का? कारण विमानसेवा ही १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात 'लोकोपयोगी सेवा' होती. तिथं संप करायचा तर आगाऊ नोटीस द्यावी लागे, आणि नोटीस दिल्यावर चौदा दिवस थांबावं लागे. मध्येच कामगार आयुक्तांनी समेटाची बोलणी सुरू केली की ती चालू असेपर्यंत संप बेकायदा. म्हणजे कायद्यानं चालायचं तर कंपनीला पर्यायी माणसं उभी करायला भरपूर वेळ मिळणार. आजारपणाला नोटीस लागत नाही. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नवी औद्योगिक संबंध संहिता लागू झाली. तिच्यात संपाची व्याख्या रुंद केली आहे: निम्म्या किंवा त्याहून जास्त कामगारांनी संगनमतानं एकाच दिवशी किरकोळ रजा घेतली तर तोही संप. चौदा दिवसांची नोटीस आता साऱ्याच उद्योगांना आहे. मी कायदा वाचताना कारकुनाच्या सवयीनं शब्दाला बोट लावून वाचतो. तिथं 'किरकोळ रजा' आहे, आजारपणाची नाही. वकिलांना पुढची काही वर्षं काम पुरेल.

आता विमानातलं गणित. मी नंगनल्लूरला राहतो. मीनंबाक्कमचा विमानतळ इथून इतका जवळ, की गल्लीत भाड्यानं राहणाऱ्यांत विमानतळावर नोकरी करणारी तरुण मंडळी भरपूर. आमच्या वरच्या मजल्यावर नाशिकची एक मुलगी राहते, एका विमान कंपनीत केबिन क्रू आहे. कंपनीचं नाव मी सांगणार नाही, आणि तिनंही सांगू नका म्हटलंय. मराठी ऐकू आलं म्हणून ती पहिल्यांदा आमच्याकडे आली आणि बायकोनं केलेली वरणफळं खायला बसली ती काका-काकू करत घरचीच झाली. तिच्याकडून मला जे कळलं ते कुठल्याही ब्रोकरच्या अहवालात नव्हतं.

आपल्याकडचा नियम साधारण असा, की दर पन्नास आसनांमागे एक केबिन क्रू. १८० किंवा १८६ आसनांच्या विमानाला चार. चौघींतली एक आली नाही आणि बदली मिळाली नाही, तर तिघींवर भरलेलं विमान उडवता येत नाही. त्या चहा-सँडविच वाढतात म्हणून हा नियम नाही. आग लागली तर दीड मिनिटात सगळे बाहेर काढता यावेत म्हणून आहे. "काका, लोकांना वाटतं आम्ही ट्रॉली ढकलायला आहोत. परीक्षा आमची दरवाज्याची असते," ती म्हणाली. बदलीसाठी काहीजणी घरी गणवेश इस्त्री करून 'स्टँडबाय' असतात. रोजच्या सर्दी-तापाला तेवढ्या पुरतात. एका रात्रीत शंभर आजारी पडले की स्टँडबायची यादी तासाभरात संपते. त्यानंतर आणखी एक घोळ सुरू होतो. सकाळचं विमान न गेल्यानं संध्याकाळचं विमान भलत्याच गावात उभं राहतं, तिथली टीम ड्यूटीच्या तासांची मर्यादा ओलांडते, आणि ठणठणीत असलेली माणसंही कामाला चालत नाहीत.

पगाराबद्दल ती हिशेबी आहे. मूळ पगार असतो, पण हातात येणाऱ्या रकमेचा मोठा भाग उडलेल्या तासांवर. घरून गाडी येते ती अवेळी, मग तपासणी, ब्रीफिंग, प्रवासी चढवणं, उशीर झाला तर उभं विमान सांभाळणं. यातल्या बऱ्याच वेळाला तासांच्या हिशेबात जागा नाही. ही तक्रार आपल्याकडचीच नव्हे. ऑगस्ट २०२५ मध्ये एअर कॅनडाचे दहा हजारांहून जास्त केबिन क्रू याच मुद्द्यावर उघड संपावर गेले: जमिनीवरच्या कामाचे पैसे द्या. तिथल्या सरकारनं काही तासांतच लवाद नेमून कामावर जायचा हुकूम काढला. त्यांनी तो मानला नाही, आणि चौथ्या दिवशी तडजोड झाली.

त्या संपाचा ताळेबंद कंपनीनं स्वतः जाहीर केला, आणि भागधारकानं वाचावा असा तो कागद आहे. बुडालेलं उत्पन्न अंदाजे ४३ कोटी कॅनेडियन डॉलर. प्रवाशांची भरपाई आणि मजुरीशी निगडित खर्च ९ कोटी. त्यातून वाचलेला खर्च, मुख्यतः इंधनाचा, साडेचौदा कोटी वजा. निव्वळ फटका साडेसदतीस कोटी. विमान उडालं नाही तर वाचतं ते एवढंच, इंधन आणि काही फुटकळ शुल्कं. विमानाचं भाडं, वैमानिकांचा पगार, हँगर, कर्जाचं व्याज चालूच राहतं. न विकलेला साबण उद्या विकता येतो, पण आज सकाळी रिकामी राहिलेली खुर्ची उद्या विकता येत नाही.

तर मैलापूरच्या सरांचा प्रश्न. हे नुकसान कुणाचं?

कॅनडात उत्तर सोपं, कारण कंपनी बाजारात आहे. आपल्याकडे माग काढावा लागतो. २७ जानेवारी २०२२ पर्यंत एअर इंडियाचा एकमेव मालक भारत सरकार होतं, म्हणजे मी, तुम्ही आणि माझा इस्त्रीवाला. २०१२ मध्ये एअर इंडियाच्या वैमानिकांचा संप ५८ दिवस चालला. त्याच वर्षी सरकारनं या कंपनीसाठी ३०,००० कोटींहून मोठी भांडवली योजना मंजूर केली होती. त्या संपाचा तोटा कुठल्या डीमॅट खात्यात दिसला नाही, अर्थसंकल्पात विरघळला. कुणाला फोन करून 'काय विकू' असं विचारायची सोय नव्हती.

टाटांनी १८,००० कोटींना सौदा केला. त्यातले २,७०० कोटी रोख, उरलेलं कर्ज अंगावर घेतलं. मे २०२४ च्या घाऊक रजेच्या वेळी मालक टाटा सन्स, तीही बाजारात नाही. पण टाटा सन्सकडे पैसा येतो कुठून? सगळ्यात मोठा झरा टीसीएसच्या लाभांशाचा, कारण टीसीएसचे सुमारे ७२ टक्के शेअर टाटा सन्सकडे आहेत. आणि टीसीएसचं एक अवाढव्य संकुल आमच्या चेन्नईच्या दक्षिणेला, सिरुसेरीत आहे. ओएमआर रस्त्याच्या रहदारीत तासन्‌तास अडकून तिथं पोचणाऱ्या पोरापोरींच्या घामाचा एक वाटा लाभांश होऊन मुंबईला जातो आणि तिथून विमान कंपनीची भोकं बुजवायला जाऊ शकतो. कोचीतल्या केबिन क्रूच्या रजेचा खर्च असा फिरून सिरुसेरीपर्यंत पोचतो. टीसीएसचा भागधारक मात्र सुखात, त्याला त्याचा लाभांश मिळालेलाच असतो. सरांकडे टीसीएस होता. मी त्यांना म्हटलं, "तुमचं काही गेलेलं नाही."

नोव्हेंबर २०२४ मध्ये सिंगापूर एअरलाइन्सची भागीदारी असलेली विस्तारा एअर इंडियात विलीन झाली आणि सिंगापूर एअरलाइन्सला एअर इंडियात २५.१ टक्के हिस्सा मिळाला. तेव्हापासून एक नवा भागधारक चित्रात आला. सिंगापूर एअरलाइन्स तिथल्या बाजारात नोंदलेली आहे, आणि एअर इंडियाच्या तोट्यातला आपला वाटा तिला आपल्या निकालात दाखवावा लागतो. एप्रिल ते जून २०२५ च्या तिमाहीत तिचा निव्वळ नफा ५९ टक्क्यांनी घसरला, त्यामागे हेही एक कारण होतं. चेन्नईत सिंगापूरला नातेवाईक नसलेलं घर सापडणं कठीण. तेव्हा इथल्या विमानातल्या कुरबुरीची झळ लागणारा एखादा काका सिंगापूरच्या टेका भागात बसलेला असणार.

चेन्नईनं विमान कंपनीचा मालकही पाहिला आहे. सन टीव्हीचे कलानिधी मारन २०१० मध्ये स्पाइसजेटमध्ये आले. डिसेंबर २०१४ मध्ये तेल कंपन्यांनी उधारी बंद केली तेव्हा विमानं जमिनीवर उभी राहिली, आणि नंतर ५८ टक्क्यांहून मोठा हिस्सा अजय सिंग यांच्याकडे गेला तो दोन रुपयांना. सेकंड लाइन बीचवर असा भाव मी कधी लिहिला नव्हता. तिथं संप नव्हता, पैसा संपला होता.

मला वाटतं, इथंच लोकांची गफलत होते. संपामुळे कंपनी बुडते असं आपण म्हणतो, पण किंगफिशरकडे बघा. २०१२ च्या सप्टेंबरअखेर अभियंते आणि वैमानिक संपावर गेले, १ ऑक्टोबरला कंपनीनं टाळेबंदी केली, २० ऑक्टोबरला परवाना निलंबित झाला. तारखा लावल्या तर संपानं कंपनी मारली असं दिसतं. पण त्या लोकांना मार्चपासून पगार नव्हता. आणि त्याच्या आदल्या वर्षी बँकांनी आपलं कर्ज शेअरमध्ये फिरवून घेतलं होतं, प्रत्येकी ६४ रुपये ४८ पैशांनी, बाजारात भाव चाळिशीच्या आसपास असताना. त्या भागधारकाला कुठल्या केबिन क्रूनं बुडवलं नाही. संप हा त्याला मिळालेला शेवटचा इशारा होता, तोही उशिरा.

उलट, बाजार ज्याला खरंच घाबरतो ते डिसेंबर २०२५ मध्ये दिसलं. इंडिगोचा तो गोंधळ संपाचा नव्हता. वैमानिकांच्या विश्रांतीचे नवे नियम १ नोव्हेंबरपासून पूर्ण लागू झाले आणि कंपनीकडे पुरेसे वैमानिक नव्हते. ५ डिसेंबरला एका दिवसात हजाराहून जास्त उड्डाणं रद्द झाली. चेन्नईच्या टर्मिनलमध्येही माणसांचे ढीग आणि बॅगांचे डोंगर होते. वरच्या मजल्यावरची मुलगी तिच्या कंपनीत असं काही नसतानाही दोन दिवस गणवेशात मेट्रोनं जायला घाबरली, लोक कुणावरही ओरडत होते. शनिवार-रविवार गेला आणि ८ तारखेला शेअर एका दिवसात सुमारे आठ टक्के पडला. बुडालेल्या तिकिटांचा हिशेब तर शुक्रवारीच सगळ्यांना दिसत होता. सोमवारी लोकांनी विकलं ते सरकार काय करणार या भीतीनं. ती खोटी ठरली नाही, सरकारनं कंपनीच्या उड्डाणांत दहा टक्के कपात केली.

उरला प्रवासी. आपल्याकडे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या नियमांत, उड्डाण अचानक रद्द झालं तर ५,००० ते १०,००० रुपयांपर्यंत भरपाईची तरतूद आहे. पण असाधारण परिस्थिती असेल तर ती देणं लागत नाही, आणि त्या यादीत पूर, दंगल यांच्या रांगेत संप आणि कामगार-विवादही बसवलेत. तिकिटाचे पैसे परत मिळतात, हुकलेल्या नोकरीचे नाहीत. युरोपात याच प्रश्नावर कोर्टात लढाई झाली. सप्टेंबर २०१६ च्या अखेरीस जर्मनीच्या टुइफ्लायनं पुनर्रचना जाहीर केली आणि ऑक्टोबर लागताच विमानातले कर्मचारी अचानक घाऊक आजारी पडले, कोचीसारखेच. प्रवाशांनी भरपाई मागितली, कंपनीनं असाधारण परिस्थितीचं कारण दिलं. १७ एप्रिल २०१८ ला युरोपीय न्यायालयानं ते फेटाळलं. पुनर्रचना हा कंपनीचा नेहमीचा कारभार, त्यातून उठलेला असंतोषही तिच्याच घरचा, म्हणून भरपाई द्या. तिकडे ती माणशी २५० ते ६०० युरो असते.

म्हणजे तशीच घाऊक रजा जर्मनीत भागधारकाच्या खिशातून जाते आणि आपल्याकडे मुख्यतः प्रवाशाच्या. हे मी सरांना सांगितलं तेव्हा ते जरा वेळ गप्प होते. मग म्हणाले, "म्हणजे शेअर घ्यायचा तर इथल्या कंपनीचा बरा." हा माणूस चाळीस वर्षं अर्थशास्त्र शिकवत होता. मी म्हटलं, सार, आधी कंपनीच्या वार्षिक अहवालात कर्मचाऱ्यांच्या गळतीचा आकडा बघा, मग फोन करा. त्यांनी अजून केलेला नाही.