माळ्याची गोधडी

विद्यार्थ्यांनो, थंडीच्या रात्रीं आपण गोधडी पांघरतों. तिच्यांत स्वतःची अशी ऊब नसते. तिच्या थरांत कोंडलेली हवा आपल्या अंगची उष्णता बाहेर जाऊं देत नाहीं, इतकेंच. घरालाहि अशी गोधडी लागते, हें इंग्लंडांतील घरें पाहिलीं असतां ध्यानांत येतें.

तेथें उतरत्या छपराखालीं बहुधा रिकामा माळा असतो. त्यावर कांहींच आच्छादन नसल्यास घरांतील सुमारें चतुर्थांश उष्णता छपरावाटे निघून जाते. म्हणून हिवाळ्यापूर्वीं तेथें खनिज लोकर अंथरतात : १०० मिलिमीटरांचा एक थर तुळयांच्या मधल्या जागेंत, आणि १७० मिलिमीटरांचा दुसरा थर तुळयांवरून आडवा. लोकर दाबून मात्र बसवूं नये. आंतली हवा गेली कीं तिचा गुणहि गेला.

वळचणीच्या फटीहि बुजवूं नयेत. खालच्या खोल्यांतील दमट हवा माळ्यावर चढते. वारा खेळता नसेल, तर तिचें पाणी होऊन थंड वाशांवर सांचतें व लांकूड कुजतें.

आणखी एक सावधगिरी फार महत्त्वाची. ऊब खालींच राहिल्यामुळें माळा पूर्वींपेक्षां अधिक गार होतो. तेथील नळांना व पाण्याच्या टांकीला वेष्टण घालावयाचें राहिलें, तर पाणी गोठून नळ फुटतात, आणि ऊब राखावयास निघालेल्या घरांत छत गळूं लागतें! टांकीच्या बुडाखालीं मात्र लोकर घालीत नाहींत. कारण खालून येणारी थोडी ऊब तिला गोठूं देत नाहीं.

एक उणीव दूर करतांना दुसरी तर उत्पन्न होत नाहीं ना, हें पाहणें हाच कोणत्याहि सुधारणेचा अर्धा भाग होय.