यवतमाळचा पडदा आणि भाड्याची रिळं

यवतमाळ, वणी किंवा पुसदच्या थिएटरात लागलेला हिंदी सिनेमा धंद्याच्या हिशेबात आजही 'सीपी-बेरार' (मध्य प्रांत आणि वऱ्हाड) सर्किटमध्ये, म्हणजे वितरणाच्या इलाख्यात मोजला जातो. तो प्रांत १९५० सालीच नकाशावरून गेला, सर्किट मात्र टिकलं. कारण सिनेमा थिएटरला विकला जात नाही. ठरावीक मुदतीसाठी, ठरावीक इलाख्यापुरता दिला जातो. रिळांच्या काळात पेटी यायची, खेळ संपले की पुढच्या गावी रवाना व्हायची.

या पद्धतीचं सर्वांत कठोर रूप अमेरिकेत दिसलं. आधी तिथे फिल्म फुटावर विकली जाई. डिसेंबर १९०८ मध्ये एडिसन, बायोग्राफ आदी चित्रपट कंपन्यांनी आपली पेटंट एकत्र करून मोशन पिक्चर पेटंट्स कंपनी उभारली. आता फिल्म फक्त भाड्यानं मिळणार आणि प्रोजेक्टर वापरायला थिएटरनं आठवड्याला दोन डॉलर भरायचे. त्यावर चित्रपटही परवानाधारकांचेच दाखवायचे. यंत्र स्वतःच्या पैशानं घेतलेलं असलं तरीही! हा उघड अन्याय होता. १९१७ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं बजावलं: यंत्राचं पेटंट त्यावर चालणाऱ्या फिल्मवर हक्क देत नाही.

आपल्याकडे दादासाहेब फाळके यांनी १९१२ मध्ये लंडनहून विल्यमसन कॅमेरा विकतच आणला. इथला जाच वेगळा होता, तो वितरणातला. सिनेमाची चौकशी करणाऱ्या १९२७-२८च्या सरकारी रंगाचारी समितीपुढे 'ब्लॉक बुकिंग'चा प्रश्न आला: एक हवासा चित्रपट मिळवण्यासाठी नकोसे चित्रपटही गळ्यात घ्यायचे. लहान गावच्या थिएटरमालकाला ते सर्वांत जड जाई.