रक्ताला भविष्य विचारताना

अतिदक्षता विभागाबाहेरच्या बाकांवर एक वाक्य वर्षानुवर्षे ऐकू येत आले आहे : ‘पुढचे बहात्तर तास महत्त्वाचे आहेत.’ पक्षाघाताचा झटका आलेल्या रुग्णाच्या नातेवाइकांना हे सांगताना डॉक्टर खोटे बोलत नसतात. पण नातेवाइकांना हवे असते ते त्यात नसते. बाबा पुन्हा चालतील का? आईची वाचा परत येईल का? दुकान कोणी सांभाळायचे, मुलीचे लग्न पुढे ढकलायचे का, कर्ज काढायचे तर किती? हे सारे प्रश्न ज्या एका उत्तरावर अडलेले असतात, ते पहिल्या दिवशी कुणाजवळच नसते.

मुंबईत २००५ आणि २००६ या दोन वर्षांत डॉ. पी. एम. दलाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेल्या पाहणीत पहिल्यांदाच झटका आलेल्या ४५६ रुग्णांची नोंद झाली. त्यांतले सुमारे ३० टक्के २८ दिवसांच्या आत दगावले. उरलेले सुमारे ७० टक्के वाचले. भविष्याचा खरा प्रश्न या वाचलेल्यांचा असतो. वाचले, पण कसे? काठी टेकत का होईना स्वतःच्या पायांवर, की कायमचे अंथरुणावर? रक्ताच्या तपासणीतून याचा अंदाज बांधता येईल काय, या शोधात जगभरचे मेंदूतज्ज्ञ गेली काही दशके गुंतले आहेत.

कवटीबाहेर आलेले निरोप

ही आशा निराधार नाही. हृदयविकाराच्या झटक्यात हृदयाच्या स्नायूला इजा झाली की ट्रोपोनिन नावाचे प्रथिन रक्तात उतरते आणि निदानाला भक्कम आधार मिळतो. मग मेंदूसाठी तसे काही का नसावे? अडचण अशी की मेंदू आणि रक्त यांच्यामध्ये निसर्गाने पहारा बसवला आहे. रक्तवाहिन्यांच्या अस्तरातील पेशी तिथे एकमेकींना इतक्या घट्ट चिकटलेल्या असतात की मोठे रेणू सहसा आरपार जात नाहीत. मेंदूतल्या पडझडीची वार्ता रक्तात पोहोचते ती उशिरा आणि अतिशय क्षीण आवाजात.

तरीही काही निरोप पोहोचतात. चेतापेशीच्या लांब तंतूला आतून आधार देणारे न्यूरोफिलामेंट हे प्रथिन तंतू तुटले की बाहेर झिरपते. रक्तातले त्याचे प्रमाण एका मिलिलिटरमागे ग्रॅमच्या अब्जांश भागाहूनही कमी असते. ते भरवशाने मोजण्याइतकी सूक्ष्म तंत्रे २०१० नंतरच्या दशकात हाती आली. मेंदूतल्या आधारपेशींमधले जीएफएपी हे दुसरे प्रथिन. रक्तवाहिनी फुटून झटका आला असेल तर ते काही तासांतच रक्तात दिसते; गुठळीने वाहिनी तुंबली असेल तर पेशी सावकाश मरतात आणि ते उशिरा चढते.

तिसरा निरोप वेगळ्या जातीचा आहे. कोपेप्टिन हे मेंदूच्या इजेचे प्रथिन नव्हे. शरीरावर आलेल्या ताणाचे माप म्हणून ते पाहिले जाते. ताण आला की व्हासोप्रेसिन हे संप्रेरक स्रवते, पण ते रक्तात फार टिकत नाही. त्याच्याच जोडीने तयार होणारे कोपेप्टिन मात्र टिकते. स्वित्झर्लंडमधील बाझेल येथे मीरा काटान आणि सहकाऱ्यांनी ३६२ रुग्णांमध्ये ते मोजले. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात, दाखल होताना ज्यांच्या रक्तात कोपेप्टिन जास्त होते त्यांची तीन महिन्यांनंतरची अवस्था वाईट आणि मृत्यूचे प्रमाणही अधिक आढळले. पुढच्या अभ्यासांतही तोच कल दिसला.

पूर अंगणात आल्यावर

मग हे सारे नित्याच्या व्यवहारात का आले नाही? याचे उत्तर एडिंबरा येथे विल्यम व्हाइटली आणि सहकाऱ्यांनी शोधले. २००९ साली त्यांनी तोवरचे ८२ अभ्यास चाळले. त्यांत ६६ निरनिराळे रक्तघटक तपासलेले होते, आणि नेहमीच्या वापरासाठी शिफारस करावी असा त्यांतला एकही निघाला नाही. २०१२ साली त्यांनी स्वतःच्या रुग्णांमधले निष्कर्ष मांडले. दाह दर्शविणारे इंटरल्युकिन-६ आणि हृदयावरचा ताण दर्शविणारे एनटी-प्रोबीएनपी ज्यांच्यात जास्त, त्यांची पुढची गत वाईट, हे खरेच ठरले. पण रुग्णाचे वय आणि झटक्याची तीव्रता डॉक्टरांना आधीच ठाऊक असेल, तर या तपासण्यांनी भाकितात कामाची म्हणावी अशी भर पडत नव्हती.

हा मुद्दा नीट समजून घेण्यासारखा आहे. पुराचे पाणी अंगणात आल्यावर पर्जन्यमापक पाहायला धावले तर आकडा मोठाच दिसणार. तो खोटा नसतो. पण त्याने नवे काय कळले? झटक्याची तीव्रता मोजायला ० ते ४२ गुणांची एक सर्वमान्य फूटपट्टी आहे. हात उचलता येतो का, चेहरा वाकडा झाला आहे का, साधी सूचना समजते का, असे पाहत प्रशिक्षित डॉक्टर पाच-दहा मिनिटांत गुण देतो. महागड्या तपासणीला आधी या फुकटच्या फूटपट्टीला हरवावे लागते, आणि ते फार थोड्या तपासण्यांना, तेही थोड्याच फरकाने, जमले आहे.

किती आणि कुठे

याचे कारण मेंदूच्या रचनेतच आहे. पेशी किती मेल्या याचा अंदाज रक्त देऊ शकते. कुठे मेल्या हे सांगू शकत नाही. मेंदूच्या खोल भागात, जिथून हातापायांकडे जाणारे तंतू एका चिंचोळ्या पट्ट्यात एकवटतात, तिथली हरभऱ्याएवढी इजा माणसाला लुळे करून जाते. अन्यत्र त्याहून कितीतरी मोठा भाग मेला तरी माणूस आपल्या पायांनी घरी जातो. रक्ताच्या हिशेबात मात्र पहिला रुग्ण सौम्य आणि दुसरा गंभीर.

शिवाय ‘परिणाम’ तरी कशाला म्हणायचे? ग्लासगोच्या जॉन रँकिन यांनी १९५७ साली मांडलेल्या श्रेणीवरून घडवलेले माप आज वापरतात : ० म्हणजे कसलाही त्रास नाही, ६ म्हणजे मृत्यू. बहुतेक अभ्यास ते ९० व्या दिवशी मोजतात आणि थांबतात. पण वाचा त्यानंतरही सुधारत राहते. व्यायाम कोण करून घेतो, घर कितव्या मजल्यावर आहे, संडास भारतीय पद्धतीचा आहे की बसका, याचा शोध कोणत्याही रक्तात लागत नाही.

भाकीत खरे ठरवले जाते तेव्हा

भाकितात एक धोकाही दडलेला असतो. मेंदूत रक्तस्राव झालेल्या रुग्णांविषयीचा अमेरिकेतील एक अभ्यास २००१ साली प्रसिद्ध झाला. ‘आता आशा नाही’ असे मानून उपचार आवरते घेतले गेले की नाही, याचाच रुग्णाच्या मृत्यूशी मोठा संबंध त्यात दिसला. म्हणजे वाईट भाकीत केले, उपचार थांबवले, रुग्ण गेला, आणि भाकीत खरे ठरले! तिथल्या हृदयरोग व पक्षाघात संघटनांच्या २०१० च्या मार्गदर्शनात म्हणूनच सांगितले गेले की असा निर्णय निदान दुसरा पूर्ण दिवस उलटेपर्यंत नव्याने घेऊ नये. आपल्याकडे इस्पितळाचे बिल रोज वाढत असते. तिथे प्रयोगशाळेचा एक वाईट आकडा ‘घरी घेऊन जा’ असा निकाल ठरायला वेळ लागणार नाही.

मग तपासणी हवी कुठे? जिच्यामुळे उपचार बदलतो तिथे. गुठळी विरघळवणारे अल्टेप्लेज हे औषध देण्यापूर्वी प्रत्येकाची व्हायलाच हवी अशी रक्ताची तपासणी एकच : साखर. साखर फार उतरली तरी हुबेहूब झटक्यासारखी लक्षणे दिसतात. बोटाला टोचून मिनिटभरात होणारी ही तपासणी तालुक्याच्या दवाखान्यातही होते. सीटी स्कॅनचे यंत्र दूर असलेल्या गावी, झटका गुठळीचा की रक्तस्रावाचा याचा अंदाज जीएफएपीवरून रुग्णवाहिकेतच आला, तर तीही मोठी गोष्ट होईल. मात्र आज ते स्कॅनची जागा घेऊ शकत नाही. उलट नुसते आधी कळून भागत नाही, याचाही दाखला आहे. झटक्यानंतर होणाऱ्या न्यूमोनियाची चाहूल प्रोकॅल्सिटोनिनवरून घेऊन प्रतिजैविके देण्याचा प्रयोग बर्लिनच्या डॉक्टरांच्या पुढाकाराने झाला. २०१७ साली त्याचा निष्कर्ष आला : रुग्णांची तीन महिन्यांनंतरची अवस्था त्यामुळे सुधारली नाही.

त्या मानाने ज्यांची उपयुक्तता पुन्हा पुन्हा सिद्ध झाली आहे त्या गोष्टी अगदी साध्या आहेत. मोठी वाहिनी तुंबली तर उपचाराविना दर मिनिटाला सुमारे १९ लाख चेतापेशी मरतात, असा हिशेब जेफ्री सेव्हर या अमेरिकन तज्ज्ञाने २००६ साली मांडला. म्हणून पहिली गोष्ट, वेळेत पोहोचणे; औषधाची मुदत साडेचार तासांची आहे. दुसरी, पक्षाघातासाठीच सज्ज असलेल्या विभागात शुश्रूषा. तिथे घास गिळता येतो का हे पाहूनच तोंडावाटे अन्न देतात आणि रुग्णाला वेळेवर उठवून बसवतात. अशा विभागांमुळे मृत्यू आणि परावलंबन दोन्ही कमी होतात.

उद्या प्रयोगशाळेतून एखादा चांगला आकडा येईलही, आणि त्याचे स्वागतच व्हावे. तोवर बाकावर बसलेल्या मुलाने डॉक्टरांना ‘बाबांचे काय होणार?’ याच्या जोडीने आणखी एक प्रश्न विचारावा : ‘आज आम्ही काय करायचे?’ त्याचे उत्तर पहिल्या दिवशीही मिळू शकते.