अनुवादानंतरची मूळ कृती

पेरुमाळ मुरुगन यांची ‘मादोरुबागन’ ही तमिळ कादंबरी 2010 साली प्रसिद्ध झाली. निपुत्रिक दांपत्याची ही कथा तिरुचेंगोडच्या अर्धनारीश्वराच्या उत्सवाभोवती गुंफलेली आहे. चार वर्षे तिला विरोध झाला नाही. अनिरुद्धन वासुदेवन यांचा इंग्रजी अनुवाद 2013 मध्ये आला. डिसेंबर 2014 मध्ये तिरुचेंगोडला प्रती जाळल्या गेल्या, त्या मात्र तमिळ मूळ पुस्तकाच्या. या क्रमावरून कार्यकारणभाव सिद्ध होत नाही. तरीही अनुवाद मूळ कृतीला तिच्याच भाषेत नवा (बहुधा न वाचताच संतापणारा) वर्ग मिळवून देतो काय, हा प्रश्न तौलनिक अभ्यासकाला टाळता येणार नाही. जानेवारी 2015 मध्ये प्रशासनाच्या ‘शांतता बैठकी’त मुरुगन यांच्याकडून माफी लिहून घेण्यात आली, आपल्यातील लेखक मेला, असे त्यांनी जाहीर केले. चेन्नईत मद्रास उच्च न्यायालयाने 5 जुलै 2016 रोजी ती तडजोड बंधनकारक नसल्याचा निर्णय दिला आणि लेखकाने पुन्हा लिहिते व्हावे, असे म्हटले. मराठी वाचकाला येथे वसंत दत्तात्रेय गुर्जर यांची ‘गांधी मला भेटला’ ही कविता आठवेल: मे 2015 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तिच्या प्रकाशकाला मुक्त केले, कवीला नव्हे. मुरुगन यांच्या मौनकाळातील कवितांचा संग्रह ऑगस्ट 2016 मध्ये आला; त्याच्या शीर्षकाचा अर्थ ‘भित्र्याची गाणी’.