अगस्त्य : दक्षिणेचा तेजस्वी तारा

जानेवारी-फेब्रुवारीच्या रात्री व्याधाच्या बऱ्याच खाली, दक्षिण क्षितिजाच्या बाजूला जो ठळक तारा दिसतो तो अगस्त्य. रात्रीच्या आकाशातील ताऱ्यांत व्याधाखालोखाल त्याचेच तेज असले, तरी हा क्रम दोघांच्या अंतरांमुळे ठरलेला आहे. व्याध अवघ्या ८.६ प्रकाशवर्षांवर आहे, म्हणजे त्याचा प्रकाश आपल्यापर्यंत पोहोचायला तेवढी वर्षे लागतात. अगस्त्य मात्र सुमारे ३१० प्रकाशवर्षे दूर आहे. सूर्याच्या तुलनेत व्याध सुमारे २५ पट, तर अगस्त्य १० हजार पटींहून अधिक प्रकाश बाहेर टाकतो. त्याचा व्यास सूर्याच्या सुमारे ७० पट असल्याने तो सूर्याच्या जागी ठेवल्यास बुधाच्या कक्षेपर्यंतचे बहुतेक अंतर एकटाच व्यापेल. गाभ्यातील हायड्रोजन संपल्यावर तारा फुगत जातो, आणि अगस्त्य त्याच उत्तरावस्थेत आहे. तरीही त्याचा पृष्ठभाग सूर्याहून तप्त, सुमारे ७ हजार अंश सेल्सिअस असल्यामुळे तो पिवळसर पांढरा दिसतो.

खगोलीय विषुववृत्ताच्या, म्हणजे पृथ्वीच्या विषुववृत्ताची पातळी आकाशात वाढवून मिळणाऱ्या वर्तुळाच्या, जवळजवळ ५३ अंश दक्षिणेला तो असल्याने दिल्लीहून तो क्षितिजावर जेमतेम ९ अंश चढतो, मुंबईहून १८ आणि कन्याकुमारीहून २९ अंश. विंध्याला नमवून दक्षिणेत गेलेल्या आणि परत न फिरलेल्या ऋषीचे नाव या ताऱ्याला मिळावे, यात आकाशाचे आणि भूगोलाचे असे दुहेरी औचित्य आहे.

सूर्यतेजात काही काळ लोपलेला तारा पहाटे पूर्वक्षितिजाकडे पुन्हा दिसू लागतो, त्याला उदय म्हणतात. पावसाळ्यात गढूळलेले पाणी अगस्त्योदयाने निवळते, असे प्राचीन ज्योतिर्विद वराहमिहिराने बृहत्संहितेत म्हटले आहे. पण त्याहून मोलाची गोष्ट अशी की, हा उदय प्रत्येक प्रदेशासाठी वेगळा गणित करून काढावा असे सांगून, उज्जैनसाठी त्याने सूर्य कन्या राशीत शिरण्याला ७ अंश उरलेले असतानाची वेळ दिली आहे.

ग्रीकांनी या ताऱ्याला कानोबोस म्हटले. ट्रॉयहून परतताना इजिप्तच्या किनाऱ्यावर मरण पावलेला, ग्रीक कथांतील राजा मेनेलाऊसचा सुकाणूधर याच नावाचा होता, आणि अलेक्झांड्रियाजवळच्या नगरालाही तेच नाव होते. ‘सोनेरी भूमी’ अशा अर्थाच्या कॉप्टिक शब्दांतून ते आले असावे, असा दुसरा तर्क आहे. ग्रीक विद्वान पोसिडोनिअसने याच ताऱ्यावरून पृथ्वीचा परिघ मोजला. ऱ्होड्स बेटावरून क्षितिजाला टेकलेला हा तारा अलेक्झांड्रियात वर्तुळाच्या अठ्ठेचाळिसाव्या भागाइतका वर येतो, असे धरून दोन्ही स्थळांमधील ५ हजार स्टेडिया (प्राचीन ग्रीक अंतरमाप) एवढ्या अंतरावरून त्याने २ लाख ४० हजार स्टेडिया हे उत्तर काढले. रीत निर्दोष होती. मात्र दोन्ही स्थळांच्या अक्षांशांतील खरा फरक साडेसात नव्हे, सुमारे सव्वापाच अंशांचा आहे.