‘ख्रिस्ताच्या ठायी’ : नवी ओळख आणि आध्यात्मिक वाढ यांचा अनुक्रम

ख्रिस्ती साधकाच्या आध्यात्मिक वाढीविषयी विचार करू लागताच एक मूलभूत प्रश्न उपस्थित होतो. मनुष्य क्रमाक्रमाने शुद्ध होत जातो आणि म्हणून शेवटी त्याला नवी ओळख प्राप्त होते, की नवी ओळख आधीच लाभते आणि वाढ हा तिचा परिणाम होय? हा वाद केवळ शब्दांचा नाही. पहिला पक्ष स्वीकारला तर साधना ही पुण्यसंचयाचे रूप घेते. दुसरा स्वीकारला तर ती कृतज्ञतेचे आचरण ठरते. इ. स. च्या पहिल्या शतकाच्या मध्यास लिहिली गेलेली पौलाची पत्रे या प्रश्नाचे उत्तर देतात, आणि ते उत्तर सिद्धान्तवाक्यांइतकेच त्यांच्या व्याकरणातही सापडते.

प्रथम संज्ञेचा विचार करू. ‘ख्रिस्ती’ या अर्थाचा ग्रीक शब्द नव्या करारात अवघा तीन वेळा आला आहे. दोनदा प्रेषितांच्या कृत्यांत व एकदा पेत्राच्या पहिल्या पत्रात. पौलाने तो एकदाही वापरलेला नाही. त्याच्या पत्रांतून वारंवार भेटते ती ‘एन् ख्रिस्तो’ ही पदसंहती, म्हणजे ‘ख्रिस्तात’. जर्मन पंडित आडोल्फ डाइसमान याने १८९२ साली या पदसंहतीचा स्वतंत्र अभ्यास प्रसिद्ध केला, आणि तेव्हापासून ती पौलाच्या विचाराची किल्ली मानली जाऊ लागली. तिचा अर्थ निव्वळ गूढानुभवापुरता मर्यादित नाही. पौल ‘आदामात’ आणि ‘ख्रिस्तात’ अशी जोडी मांडतो, तेव्हा मनुष्य कोणाच्या कुळात मोडतो आणि कोणाच्या भवितव्याशी बांधला गेला आहे, हे त्याला सांगावयाचे असते. ओळख ही येथे गुणांची यादी नसून संबंधाचे नाव आहे.

मराठी बायबलात या पदसंहतीसाठी ‘ख्रिस्ताच्या ठायी’ हा प्रयोग रूढ झाला. ‘ठायी’ हे पद संतवाङ्मयात मुरलेले असल्यामुळे त्याला गांभीर्य आहे. परंतु त्याची एक मर्यादाही ध्यानात घेतली पाहिजे. मराठीत कोणाच्या ठायी औदार्य असते, किंवा कोणाच्या ठायी निष्ठा जडते. म्हणजे ठायी वसणारी वस्तू बहुधा गुण वा भाव असते. एक व्यक्ती दुसऱ्या व्यक्तीच्या ठायी असणे हा प्रयोग विरळा. त्यामुळे ‘ख्रिस्ताच्या ठायी असणे’ याचा अर्थ ‘ख्रिस्तावर निष्ठा असणे’ एवढाच घेतला जाण्याचा संभव राहतो. तसे झाले म्हणजे ओळखीचा भार पुन्हा साधकाच्या भावनेवर येऊन पडतो, आणि निष्ठा मंदावली की ओळखही डळमळते. मूळ प्रयोगाचा रोख नेमका याच्या उलट आहे.

आता क्रियापदांकडे वळू. पौलाच्या लेखनात आधी विधान येते, मग आज्ञा. करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्रात जुने खमीर काढून टाकण्यास सांगताना कारण दिले आहे ते हे, की तुम्ही बेखमीर आहातच. जे आहात तसे व्हा, असा हा वरकरणी विसंगत वाटणारा उपदेश आहे. कलस्सैकरांस लिहिलेल्या पत्रात हाच विचार वस्त्राच्या रूपकाने येतो. जुना मनुष्य उतरवणे आणि नवा धारण करणे यांसाठी पूर्ण घडलेली क्रिया दर्शविणारी धातुसाधिते आहेत. पण तो नवा मनुष्य ‘नवा केला जात आहे’ हे सांगताना वर्तमानकाळी, चालू क्रियेचे, कर्मणी रूप योजले आहे. मराठीत ‘अंगरखा घातला आहे’ आणि ‘अंगरखा घालत आहे’ यांत जो भेद आहे, तोच येथे आहे. धारण करणे संपले आहे. नवे होणे मात्र संपलेले नाही, आणि ते साधकाने एकट्याने करावयाचेही नाही.

दत्तकाचे उदाहरण हा भेद अधिक स्पष्ट करते. पौलाने वापरलेला दत्तकवाचक शब्द ग्रीक-रोमन कायद्याच्या परिचयातला असला, तरी महाराष्ट्रातील वाचकास तो परका वाटण्याचे कारण नाही. दत्तविधान होताच मुलगा त्या घराचा होतो. नाव, गोत्र आणि वारसा त्याच दिवशी पालटतात. घराची रीत, बोलणे-चालणे आणि वडिलांचा स्वभाव मात्र त्याच्या अंगी वर्षानुवर्षांच्या सहवासाने येतात. रीत चुकली म्हणून दत्तक रद्द होत नाही. उलट तो त्या घरचा आहे म्हणूनच त्याला रीत शिकविली जाते. रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या आठव्या अध्यायात दत्तकपण एकदा लाभलेले म्हणून आणि एकदा अद्याप ज्याची वाट पाहावयाची आहे असे म्हणून उल्लेखिले आहे. वाढीचा सारा काळ या दोन उल्लेखांच्या मधला आहे.

यावर आक्षेप असा, की ओळख आधीच मिळाली असेल तर प्रयत्न कशासाठी? पौलाने हा आक्षेप त्याच पत्राच्या सहाव्या अध्यायात स्वतःच उभा केला आहे. तेथे तो वाचकांना, आपण पापाला मेलेले व देवासाठी जिवंत आहोत असे ‘माना’, म्हणून सांगतो. मराठी ‘मानणे’ यात कल्पनेची छटा येऊ शकते. ग्रीक क्रियापद मात्र हिशेबाच्या व्यवहारातही वापरले जाणारे आहे. वहीत जमा असलेली रक्कम जमा धरूनच पुढचा व्यवहार करावा, असा त्याचा भाव आहे. प्रयत्न नाहीसा होत नाही. त्याचा आरंभबिंदू बदलतो.

हा भेद ग्रंथापुरता नाही, याची साक्ष पंडिता रमाबाईंच्या चरित्रात मिळते. १८८३ साली इंग्लंडमध्ये वाँटेज येथे त्यांचा बाप्तिस्मा झाला. पुढे १९०७ साली प्रसिद्ध झालेल्या इंग्रजी आत्मनिवेदनात त्यांनी सांगितले, की त्या वेळी आपल्याला ख्रिस्ती धर्म गवसला होता, स्वतः ख्रिस्त मात्र सुमारे आठ वर्षांनी गवसला. मधल्या काळात त्यांचे आचरण किंवा लोकसेवा उणी होती असे नाही. मुंबईत शारदा सदन सुरू झाले ते १८८९ साली, याच अवधीत. उणीव आचरणाची नसून आधाराची होती. त्यांच्या बाबतीत संस्काराची तिथी आणि ओळखीची जाणीव यांत अंतर पडले, यावरून हेही दिसते की व्याकरणातील अनुक्रम चरित्रात नेहमी पंचांगाप्रमाणे उतरत नाही. हिब्रू व ग्रीक भाषांचा अभ्यास करून त्यांनी बायबलचे मराठी भाषांतर केले. ते त्यांच्या निधनानंतर, १९२४ साली, संपूर्ण प्रसिद्ध झाले.

तात्पर्य, ख्रिस्ती आध्यात्मिक वाढ म्हणजे नव्या ओळखीकडे जाणारी वाट नव्हे. त्या ओळखीतून निघालेली वाट होय. वाट लांब असू शकते, तिच्यावर अडखळणेही असते. परंतु अडखळणारा परका ठरत नाही, हे त्या अनुक्रमाने आधीच निश्चित केलेले आहे.