गुडघ्याची शस्त्रक्रिया आणि रक्तदाबाचा ताळेबंद

कृत्रिम सांधा बसवावयाचा तो गुडघ्यात. मग रक्तदाबाची एवढी चौकशी कशासाठी, असा प्रश्न रुग्णांचे नातेवाईक कार्यालयात वारंवार विचारतात. रक्तदाब वाढल्याने ठरलेली शस्त्रक्रिया पुढे ढकलली गेली, की त्या प्रश्नात नाराजीही मिसळते. प्रस्तुत लेखक वाणिज्य शाखेचा पदवीधर आहे; तथापि आपल्या भूलतज्ज्ञांकडून समजून घेतलेले उत्तर येथे सोप्या शब्दांत मांडीत आहे.

हृदयाची गती, रक्तवाहिन्यांचे आकुंचन, पचन, घाम यांचे नियमन आपल्या इच्छेवाचून करणाऱ्या यंत्रणेस स्वायत्त चेतासंस्था म्हणतात. तिची अनुकंपी शाखा रक्तवाहिन्या आकुंचित करते व हृदयाची गती वाढविते. परानुकंपी शाखा ती गती मंदावते. मानेतील रोहिण्या व हृदयालगतची महारोहिणी यांतील दाबसंवेदक क्षणोक्षणी मेंदूस वर्दी देतात आणि त्यानुसार दोन्ही शाखा जमाखर्च जुळवीत राहतात.

शस्त्रक्रियेत हा मेळ अनेक टप्प्यांवर बिघडू शकतो. पाठीच्या कण्यात दिलेल्या भुलीने वेदनेबरोबर अनुकंपी चेतातंतूंचे कार्यही काही काळ थांबते. शरीराच्या खालच्या भागातील रक्तवाहिन्या सैलावतात, रक्त तेथे साचते आणि दाब उतरतो. भूलतज्ज्ञ शिरेतून द्रव व औषधे देऊन तो सावरतात. रक्तस्राव कमी राहावा म्हणून पुष्कळदा मांडीवर हवेने फुगविलेला दाबपट्टा बांधतात. तो दीर्घकाळ राहिल्यास दाब हळूहळू चढू लागतो. सोडताच रक्त पायाकडे धावते व दाब एकाएकी घसरतो. सांधा पक्का करणारे बोन सिमेंट भरतानाही क्वचित दाब व प्राणवायूचे प्रमाण घटते. म्हणूनच भूलतज्ज्ञांची दृष्टी सतत मॉनिटरवर असते.

निरोगी शरीर हे चढउतार बऱ्याच अंशी सोसते. मात्र वयोवृद्धांमध्ये रक्तवाहिन्या ताठर झालेल्या असतात, तर दीर्घकालीन मधुमेहात स्वायत्त चेतातंतूच दुबळे होऊ शकतात. आधीच अनियंत्रित असलेल्या रक्तदाबावर हे धक्के बसले, तर हृदय, मेंदू व मूत्रपिंड यांना धोका संभवतो. अशा वेळी शस्त्रक्रिया काही दिवस लांबणे गैरसोयीचे असले तरी रुग्णाच्या हिताचेच असते.

धोका शस्त्रक्रियागृहाबाहेरही संपत नाही. उभे राहताच रक्त पायांकडे व पोटाकडे उतरते. रक्तस्राव, वेदनाशामक औषधे व दीर्घकाळ पडून राहणे यांमुळे शरीरास ते तत्काळ सावरता येत नाही. उभे राहिल्यावर तीन मिनिटांच्या आत वरचा दाब २० किंवा खालचा १० अंकांनी उतरला, तर त्यास स्थितिजन्य अल्परक्तदाब म्हणतात. यशस्वी शस्त्रक्रियेनंतर रात्री एकट्याने स्वच्छतागृहाकडे निघालेला रुग्ण भोवळ येऊन पडला, तर नवा सांधा, ताजी जखम व नितंबाचे हाड हे सारेच पणास लागते.

यास्तव रुग्ण व नातेवाईक यांना तीन नम्र विनंत्या आहेत. चालू असलेल्या सर्व गोळ्या, आयुर्वेदिक औषधांसह, तपासणीस आणाव्यात. रक्तदाबाच्या काही गोळ्या शस्त्रक्रियेच्या सकाळी थांबवितात, काही चालू ठेवणे आवश्यक असते. तो निर्णय डॉक्टरांवर सोपवावा. पूर्वी कधी भोवळ आली असल्यास ते सांगावे. आणि शस्त्रक्रियेनंतर प्रथम पलंगाच्या कडेवर काही वेळ बसून, परिचारिकेच्या आधारानेच उभे राहावे. घंटा वाजविण्यात कोणीही संकोच मानू नये. परिचारिका त्यासाठीच आहेत.